मोफत डिजिटल ग्रंथालयं आणि शिकणारा शिक्षक : थोडी पार्श्वभूमी

ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहात पहिल्यांदा शिरलेला शिक्षक हमखास बावरतो. एवढ्या पसाऱ्यात माझ्या उद्याच्या तासाला उपयोगी काय? आणि सापडलं तरी ते वर्गात वाटायची मला मुभा आहे का? हे प्रश्न फार जुने आहेत, आणि त्यांची उत्तरं कशी घडत गेली हे कळलं की भीती बरीच ओसरते.

४ जुलै १९७१. इलिनॉय विद्यापीठातल्या मायकेल हार्ट या विद्यार्थ्याला तिथल्या मोठ्या संगणकावर काम करायची संधी मिळाली होती. त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला, तोही सगळा कॅपिटल अक्षरांत, कारण लहान अक्षरांची सोयच नव्हती. ही फाइल एकदम सगळ्यांना पाठवली असती तर त्या काळचं नेटवर्क कोलमडलं असतं. म्हणून ती कुठे ठेवली आहे एवढंच त्याने कळवलं; ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहाची ही सुरुवात. ठेवा एकदाच, नेईल त्याचं, ही रीत तेव्हापासूनची.

पुढे २५ वर्षांनी, १९९६ मध्ये, जुनी संकेतस्थळं आणि पुस्तकं जपणारं इंटरनेट आर्काइव्ह उभं राहिलं. २००८ मध्ये युरोपातल्या संग्रहालयांचा आणि ग्रंथालयांचा ठेवा एकत्र दाखवणारं युरोपीयाना आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांतली स्कॅन केलेली पुस्तकं साठवणारं हाथीट्रस्ट आले. युरोपीयानावर तर पहिल्याच दिवशी इतकी गर्दी उसळली की संकेतस्थळ बंद ठेवावं लागलं. लोकांना हे किती हवं होतं, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

शिक्षकाच्या दृष्टीने मात्र खरा बदल २००२ मध्ये झाला असं मला वाटतं. त्या वर्षी युनेस्कोच्या एका बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधनं' (कुणालाही मोफत वापरता, बदलता येईल असं शिकवण्याचं साहित्य) ही संज्ञा ठरली आणि डिसेंबरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. त्याआधी कॉपीराइट असलेलं एखादं चित्र स्वाध्यायपत्रिकेत छापून वाटायचं तर रीतसर मालक शोधा, पत्र लिहा, उत्तराची वाट बघा. आता कर्त्याने परवानगी आधीच देऊन ठेवलेली असते. नाव द्या, अटी पाळा आणि वापरा.

ई-पुस्तकांचं गणित निराळं आहे. छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेतं, ई-पुस्तकाचा बहुधा फक्त परवाना मिळतो. तोही बहुधा एका वेळी एकाच वाचकापुरता, म्हणूनच फाइल असूनही रांगेत थांबावं लागतं. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने एका परवान्यावर २६ वेळाच पुस्तक देता येईल, अशी मर्यादा घातली तेव्हा ग्रंथपाल चांगलेच संतापले होते. त्यांचा संताप मला रास्त वाटतो.

हे सगळं साठत होतं, पण वापरायचं कौशल्य कोण देणार? माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत सुंदर पान इथे आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या शार्लट आणि मेक्लेनबर्ग काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी '२३ थिंग्ज' हा उपक्रम आखला. व्याख्यान नाही, परीक्षा नाही. तेवीस छोटी कामं : ब्लॉग उघडा, फोटो चढवा, विकीत (सगळ्यांनी मिळून लिहायच्या संकेतस्थळात) भर घाला, पॉडकास्ट शोधा. ज्याने त्याने आपल्या सवडीने, चुकतमाकत करायचं आणि काय वाटलं ते स्वतःच्या ब्लॉगवर लिहायचं. कामं पूर्ण करणाऱ्याला एमपी३ प्लेअर बक्षीस. वर्षानुवर्षं संगणकापासून दोन हात लांब राहिलेल्या माणसाला या पद्धतीने जो धीर मिळतो, तो दिवसभराच्या प्रशिक्षणात मिळत नाही.

ब्लोअर्स यांनी अभ्यासक्रम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला ठेवला, त्यामुळे जगभरच्या शेकडो ग्रंथालयांनी तो उचलला. शाळांच्या ग्रंथपालांनी आणि शिक्षकांनीही त्यातून आपापल्या याद्या केल्या. मूळ यादीतल्या काही सेवा केव्हाच बंद पडल्या. आज तशी यादी नव्याने करायची झाली तर पहिलं काम मी हे ठेवेन : पुढच्या धड्याशी जुळणारं एक जुनं छायाचित्र शोधा आणि त्याच्याखालची परवान्याची ओळ शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.