पेट्रोमॅक्समधलं 'पेट्रो' म्हणजे पेट्रोल नाही!

जुनी गॅसबत्ती हाती लागली की कोणीतरी हमखास सांगतं, रॉकेल मिळत नाही ना, मग पेट्रोल टाक, नावातच पेट्रो आहे. अजिबात करू नका, कळकळीने सांगतोय. बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्स कंपनीच्या माक्स ग्रेट्सने १९१० च्या सुमारास ही बत्ती काढली, पेट्रोलियम अधिक माक्स म्हणून पेट्रोमॅक्स, आणि जर्मनमध्ये पेट्रोलियम म्हणजे आपलं रॉकेल. पेट्रोलला ते बेन्झिन म्हणतात.

आता बत्ती बंद कशी करतो बघा, टाकीचा स्क्रू सैल केला की फुस्स करून हवा सुटते. रॉकेलची टाकीत फारशी वाफ होत नाही म्हणून हे चालतं. पेट्रोल असलं की हवेबरोबर त्याची वाफ बाहेर येते आणि वर वीतभर अंतरावर मँटल (उजेड देणारी जाळी) अजून तापलेलं, मग भडका उडायला वेळ लागत नाही.

पेट्रोलवरचे कंदील असतात की, कोलमन या अमेरिकन कंपनीचे, पण त्यांना इंधन बंद करायचा व्हॉल्व्ह असतो, जनरेटरही (इंधनाची वाफ करणारी नळी) वेगळा. त्यात रॉकेल घातलं तरी नुसती काजळी धरते, कारण रॉकेलला आधी स्पिरिट पेटवून नळी चांगली तापवावी लागते आणि जनरेटरही त्याच्यासाठीचाच लागतो.