काचेआडचं ऊन आणि ड जीवनसत्त्व

‘फ्लॅटला जमिनीपासून छतापर्यंत काच असली की घरबसल्या ड जीवनसत्त्व मिळतं,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे तो. ऊन अंगावर येतं, पाठ छान शेकते.

पण शरीरात ड जीवनसत्त्व उबेमुळे तयार होत नाही. त्वचेत ते तयार होतं उन्हातल्या यूव्ही-बी या अतिनील (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांमुळे, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या. खिडकीची साधी काच नेमके हेच किरण जवळजवळ सगळे शोषून घेते. उजेड, ऊब आणि बरेचसे यूव्ही-ए (दुसऱ्या प्रकारचे अतिनील) किरण मात्र आत येतात. काचेजवळच्या सोफ्याचं कापड उन्हाच्या बाजूनं विटतं ते त्यांच्यामुळे. ड जीवनसत्त्वासाठी त्यांचा उपयोग नाही.

स्वतः तपासायचं असेल तर बाल्कनीत उभं राहून सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर उघड्यावरही यूव्ही-बी कमीच असतं. म्हणजे सकाळचं कोवळं ऊनही यात फारसं कामाचं नाही. शरीरातली पातळी रक्ताच्या तपासणीत कळते.

काचेचं पार्टिशन उजेडासाठी जरूर लावा, घर खरंच प्रसन्न होतं. फक्त आजींची खुर्ची थोडा वेळ काचेबाहेर सरकवा.