१९ वेळा दुप्पट

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, स्मृती मागायचे दोन मुख्य मार्ग आहेत. 'केमॅलॉक' प्रत्यक्ष रॅममध्ये एकमेकींना लागून असलेली पानं देतं. पान साधारण ४ केबीचं, आणि नेहमीच्या संगणकावर असा अखंड तुकडा फार तर ४ एमबीचा मिळतो. एसटीत सीटा रिकाम्या असतात, पण सहाजणांना शेजारी-शेजारी बसायला जागा नसते, तशातली गत. 'व्हीमॅलॉक' विखुरलेली पानं गोळा करून ती सलग असल्याचा आभास देतं, त्यामुळे त्याच्याकडे गीगाबाइटही मागता येतात.

/प्रॉक या फोल्डरमध्ये कर्नल स्वतःची माहिती फायलींच्या रूपात दाखवतं. त्या वाचताना ते आधी एका पानाचा बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता ठेवायची जागा, घेतं. मजकूर मावला नाही तर दुप्पट, तरीही नाही तर पुन्हा दुप्पट. केमॅलॉक होतं तोवर ४ एमबीच्या पुढे मागणी फेटाळली जायची. कुणी मुद्दाम घातलेलं कुंपण नव्हतं ते, पण कामाला येत होतं. जुलै २०१४ मध्ये व्हीमॅलॉकची सोय जोडली आणि ते गेलं.

४ केबीपासून १९ वेळा दुप्पट केलं की बरोबर २ जीबी होतात, म्हणजे २,१४,७४,८३,६४८ बाइट. ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मावतात. पुढच्या फंक्शनने बफरचा आकार असल्याच पूर्णांकात घेतला आणि तो उणे झाला. तिथे फोल्डरचा पत्ता बफरच्या शेवटाकडून उलटा लिहितात. शेवटच उणे, म्हणून पुसलेल्या फोल्डरच्या पत्त्याला जोडली जाणारी '//डिलीटेड' ही दहा बाइटांची अक्षरं बफरच्या २ जीबी मागे, भलत्याच जागी जाऊन पडली.

एकात एक दहा लाखांच्या आसपास फोल्डर, १ जीबीहून लांब पत्ता आणि सुमारे ५ जीबी स्मृती, एवढ्या भांडवलावर साधा वापरकर्ता रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊ शकतो, हे क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जुलै २०२१ मध्ये दाखवलं. या दोषाचं नाव ठेवलं 'सिकोया'. एवढा पत्ता शहाणा माणूस कशाला बनवेल? म्हणूनच सात वर्षं कुणी तपासलं नसावं. शिवाय असली चाचणी खर्चीक. भरपूर रॅमचं यंत्र अडकवून ठेवावं लागतं, आणि बहुतेक वेळा हाती लागतं ते नुसतं 'स्मृती संपली'.

दुरुस्ती मात्र अगदी साधी: अवाढव्य बफर मागितला तर सरळ नाही म्हणायचं. पुढे 'केव्हीमॅलॉक'लाही २ जीबीच्या उंबरठ्यावर अडवलं. हे आधी केमॅलॉक करून बघतं, जमलं नाही तर व्हीमॅलॉककडे वळतं. आता त्याच्याकडे कुणी जास्त मागितलं की कर्नल लॉगमध्ये ओरडतं. मग आपोआप चाचण्या करणाऱ्या 'सिझबॉट'ला वेगवेगळ्या कोपऱ्यांतून त्या ओरडण्याचे आवाज येऊ लागले.