बोध, सांत्वन आणि कैवार : ख्रिस्ती मंडळीत एकमेकांना धीर देण्याच्या प्रथेची पार्श्वभूमी

मराठीत ‘सांत्वनाला जाऊन आलो’ असे कोणी म्हणाले, की कोणाच्या तरी घरी मृत्यू झाला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. ख्रिस्ती मंडळीच्या बोलण्यात मात्र हा शब्द इतका अरुंद नाही. आजाऱ्याची भेट, नोकरी गेलेल्याच्या घरची प्रार्थना, श्रद्धा डळमळू लागलेल्या तरुणाशी उशिरापर्यंत चाललेले बोलणे हे सारे त्यात येते, आणि यामागे केवळ सौजन्य नसून पहिल्या शतकापासून चालत आलेली एक जबाबदारी आहे. ती मुळात पाळकाची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूची, नव्हती, तर मंडळीतल्या प्रत्येकाची होती. हा भेद पुढे पुन्हा पुन्हा विसरला गेला आणि पुन्हा पुन्हा नव्याने शोधावा लागला.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत यासाठी ‘पाराक्लेसिस’ हा शब्द येतो. त्याच्या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘जवळ बोलावणे’ असा आहे, आणि विनवणे, बजावणे, धीर देणे, समजूत घालणे हे अर्थ त्यातूनच निघाले. एवढा पसरट शब्द मराठीत एका जागी बसणे शक्य नव्हते. म्हणून आपल्या रूढ भाषांतरात तो कुठे ‘बोध’ होतो, कुठे ‘सांत्वन’ होतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात त्याच कुळातला शब्द पवित्र आत्म्यासाठी आला आहे तिथे ‘कैवारी’ होतो. तिन्ही शब्द आपापल्या ठिकाणी चपखल आहेत, पण मराठी वाचकाला ते एकाच घरातले आहेत हे कळायला मार्ग उरत नाही. बोध म्हटले की उपदेश आठवतो, सांत्वन म्हटले की अश्रू आठवतात आणि कैवार म्हटले की भांडणात कोणाची तरी बाजू घेणे आठवते.

या तिन्हींचा मेळ बर्णबाच्या चरित्रात दिसतो. कुप्र बेटातल्या योसेफ नावाच्या या लेव्याला (यहुद्यांच्या मंदिरसेवक वंशातल्या माणसाला) प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनी, दिलेल्या नावाचा अर्थ मराठी बायबलात ‘बोधपुत्र’ असा दिला आहे. इतर काही भाषांतरांत तोच ‘सांत्वनाचा पुत्र’ होतो. गंमत अशी, की नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्याचे एकट्याचे असे एकही लांब भाषण नाही. त्याने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले. मंडळीचा छळ करणारा शौल, म्हणजेच पुढचा पौल, पालटून यरुशलेमेत आला तेव्हा त्याच्या जवळ जायला कोणी धजत नव्हते, त्या वेळी बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांपुढे नेले. पुढे अंत्युखियातले काम वाढल्यावर तो तार्सास जाऊन त्याला शोधून घेऊन आला. प्रचाराच्या प्रवासातून अर्ध्यावर परतलेल्या मार्क नावाच्या सोबत्याला पुन्हा सोबत घ्यावे की नाही यावरून त्याचे पौलाशी कडाक्याचे भांडण झाले, तेव्हाही त्याने मार्काचीच बाजू धरली. बोधपुत्राचा बोध हा बहुतांशी कैवार होता.

पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पहिले पत्र सुमारे इ. स. 50 मध्ये लिहिले. ही मंडळी नवी होती, शहरातल्या विरोधामुळे पौलाला तेथून घाईने निघावे लागले होते, आणि प्रभूच्या पुनरागमनाआधीच मेलेल्या आपल्या माणसांचे काय होणार, या चिंतेने लोक खचले होते. त्या शंकेचे उत्तर दिल्यावर पौल ‘तुमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडून सांत्वन करून घ्या’ असे सांगत नाही, तर या वचनांनी तुम्ही एकमेकांचे सांत्वन करा, असे सांगतो. पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवावे असेही तो शेवटी शपथेवर बजावतो. लिहिणारा एक आणि ऐकणारे अनेक असले, तरी सांत्वनाचे काम त्याने ऐकणाऱ्यांच्याच हाती सोपवले आहे.

दूर असलेल्यांसाठी पत्र हेच पुढील दोन शतके मुख्य साधन राहिले. या परंपरेतला एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. सम्राट व्हॅलेरियन याच्या इ. स. 257 मधील आज्ञेनंतर उत्तर आफ्रिकेतील अनेक बिशपांना व विश्वासी लोकांना न्युमिडियातील खाणींत सक्तमजुरीला धाडण्यात आले. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः त्या वेळी कुरुबिस या गावी हद्दपारीत होता, आणि तेथून त्याने त्यांना पत्र लिहिले. त्यात मोघम आशीर्वाद नाहीत. पायांत बेड्या आहेत, निजायला जमीन आहे, स्नान नसल्याने अंग मळले आहे, भाकरी अपुरी आहे, अर्धे डोके भादरलेले आहे, आणि ख्रिस्ती याजक असून प्रभुभोजनाचा विधी करता येत नाही, ही त्यांच्या दुःखांची यादीच तो पुढ्यात ठेवतो आणि एकेकाला उत्तर देतो. माणसाचे दुःख नेमके कोणते आहे हे ओळखल्याशिवाय दिलेला धीर पोकळ असतो, हे त्याला ठाऊक होते. खाणीतून आलेली उत्तरेही टिकली आहेत. त्यांत केवळ शब्दांबद्दल आभार नाहीत. मंडळीच्या एका उपसेवकाने व त्याच्या सोबतच्या साहाय्यकांनी आणून पोहोचवलेल्या पैशांबद्दलही आभार आहेत. पत्र आणि पैसा एकाच माणसांच्या हातून गेला होता. 14 सप्टेंबर 258 रोजी सिप्रियनचा शिरच्छेद झाला.

चर्च सुस्थिर झाल्यावर सांत्वनाचे काम हळूहळू याजकवर्गाकडे आणि पापांगीकाराच्या, म्हणजे याजकापुढे पाप कबूल करण्याच्या, विधीकडे सरकले. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1537 च्या श्मालकाल्ड लेखांत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या निवेदनात, शुभवर्तमान माणसापर्यंत कोणत्या मार्गांनी पोहोचते हे सांगताना, प्रवचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन व क्षमाघोषणा यांच्या ओळीत बंधूंचा आपसातला संवाद आणि सांत्वन यांनाही जागा दिली. वाक्य छोटे आहे, पण एका सामान्य विश्वासी माणसाचे दुसऱ्याशी बोलणे त्याने विधींच्या पंक्तीला बसवले, ही लहान गोष्ट नव्हती.

या विचाराला व्यवस्थेचे रूप मिळाले ते मात्र एका कर्जामुळे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट पंथाच्या मंडळीने 1739 मध्ये बांधलेल्या सभागृहाचे पैसे देणे बाकी होते. फेब्रुवारी 1742 मध्ये झालेल्या बैठकीत कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अनेकांना तेवढेही परवडणार नाही अशी हरकत निघाली, तेव्हा त्याने सर्वांत गरीब अकरा जण आपल्याकडे द्यावेत, जे देऊ शकणार नाहीत त्यांचे आपण भरू, असे सांगितले. अशा रीतीने बारा-बारांचे गट झाले आणि वसुली करणारे दर आठवड्याला घरोघर फिरू लागले. तिथे त्यांना पैशापेक्षा वेगळेच काही सापडले. कोणी नवरा पुन्हा पूर्वीसारखा वाईट वागू लागला आहे, कोणाच्या घरात भांडण धुमसते आहे, असे वृत्त येऊ लागले, आणि वेस्ली यांच्या लक्षात आले की आपल्याला फार दिवसांपासून हवे होते ते हेच. घरोघर जाण्यात वेळ जाई आणि नोकरीवर राहणाऱ्यांना मालकाच्या घरात मोकळेपणाने बोलता येत नसे, म्हणून पुढे गटानेच आठवड्यातून एकदा एकत्र बसण्याची पद्धत पडली. तोच ‘क्लास’. त्याचा पुढारी बहुधा पाळक नसे, तर कामकरी माणूस असे, आणि स्त्रियाही पुढारी होत. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर 1871 च्या अखेरीस मुंबईत आले तेव्हा त्यांनी याच धर्तीवर घराघरांत छोटे गट उभे केले, आणि मुंबईतले मेथडिस्ट चर्च त्या गटांतूनच वाढले.

महाराष्ट्रात एकमेकांना धीर देण्याची गरज वेगळ्या कारणाने तीव्र झाली. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणारा मराठी माणूस घर, जात आणि पंगत यांतून एका दिवसात बाहेर फेकला जात असे. 1850 च्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद केली, परंतु कायदा जमिनीतला वाटा देऊ शकतो, आईने पुन्हा ताटावर बोलवावे याची तजवीज करू शकत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दुरावल्या, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. ज्यांच्या घरांत असा समेट कधी झालाच नाही त्यांना मंडळीच माहेर होती. 1842 मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक दूरदूरच्या खेड्यांतील अशा एकेकट्या कुटुंबांपर्यंत पोहोचत असे.

टिळकांचे मोठे काम असे, की या दुःखाला त्यांनी मराठी चाल दिली. परक्या चालींत बसवलेली गीते शोकाच्या घरात ओठांवर येईनात. अभंग आणि ओवी मात्र न शिकलेल्या बाईलाही आपोआप येत. टिळकांनी शेकडो गीते रचली, त्यांतली अनेक आजही ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकात आहेत आणि अंत्यविधीच्या दिवशी पुस्तक न उघडता म्हटली जातात. मिशनच्या आवारावर विसंबलेली मंडळी एकमेकांचा आधार व्हायला शिकणार नाही, असे त्यांचे मत शेवटच्या वर्षांत पक्के होत गेले. 1917 मध्ये साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखीच जागा होती. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही.

त्यानंतर दोन दशकांच्या आत जर्मनीत हाच प्रश्न अधिक कठोर परिस्थितीत उभा राहिला. फिंकनवाल्डे येथील नाझीविरोधी पाळक डीट्रिख बोनहोफर यांची पाळक-शाळा गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, 1937 मध्ये बंद केली, तेव्हा पांगलेल्या विद्यार्थ्यांना, त्यांतल्या कित्येकांना तुरुंगात, ते परिपत्रके पाठवत राहिले. साधन पुन्हा पत्राचेच होते.

मराठी मंडळ्यांत आज ही प्रथा सर्वांत स्पष्ट दिसते ती दफनानंतरच्या संध्याकाळी. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असते, बाजाची पेटी कोणीतरी स्कूटरवरून आणलेली असते, चहा शेजारच्या घरून येतो कारण या घरात चूल पेटलेली नसते. पाळक थेस्सलनीकाकरांच्या पत्राचा चौथा अध्याय वाचतात, प्रार्थना करतात आणि दुसऱ्या भेटीसाठी निघतात. खरी सुरुवात बहुधा त्यानंतर होते, जेव्हा कोपऱ्यात बसलेली एखादी म्हातारी गेलेल्या माणसाच्या बायकोचा हात धरून, पेटीची वाट न पाहता, भजनाची पहिली ओळ उचलते.