रात्रीचा निरोप न पोचलेली मुलं

कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत रात्री दीड वाजता एकाच खिडकीत दिवा दिसला, की आपण समजतो, कुणाची परीक्षा असेल नाहीतर अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर मीटिंग. काही घरांत मात्र त्या वेळी सहा वर्षांचं मूल हॉलमध्ये गोल गोल फिरत असतं आणि आई सोफ्यावर बसून सकाळी रिक्षावाले काका यायला किती तास उरले ते मोजत असते.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी ५० ते ८० टक्के मुलांना झोपेची काही ना काही तक्रार असते, असं वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलं आहे. कुणाला झोप लागायलाच दीड तास लागतो, कुणाची तीनला मोडते ती मोडतेच. "लाडावून ठेवलंय," असं आजी म्हणते, आणि आईलाही ते अर्धंमुर्धं पटू लागतं. मला या वाक्याचा राग येतो.

अंधार पडला, की डोळ्याच्या पडद्याकडून ती बातमी मेंदूतल्या जैविक घड्याळाला मिळते. तिथून ती पिनियल ग्रंथीकडे जाते आणि तांदळाच्या दाण्याएवढी ही ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. १९५८ साली शोधलं गेलेलं हे संप्रेरक म्हणजे साऱ्या शरीरभर पिटलेली रात्रीची दवंडी. ते सेरोटोनिन या रसायनापासून तयार होतं आणि शेवटची पायरी एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, हातात असते. काही स्वमग्न व्यक्तींत या विकराच्या जनुकात बदल आणि मेलाटोनिनची पातळी कमी असल्याचं २००८ मध्ये दिसून आलं. सगळ्यांत नाही, पण काहींच्या बाबतीत दवंडीच मुळात क्षीण असते. त्यात डोळ्यांसमोर मोबाइलचा उजेड आला, तर ती आणखी दबते.

दवंडी ऐकू आली तरी बाकीचा गोंगाट असतोच. कॉलरमागचं लेबल, पंख्याची टिकटिक, शेजारच्या कुकरची शिट्टी आपण सोडून देतो. या मुलांपैकी अनेकांना ते सोडून देता येत नाही. गणपतीआधी दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू होतो. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहाला ढोल थांबला, तरी ठेक्याने चेतवलेलं मूल त्याच मिनिटाला शांत होईल असं नाही.

सगळ्यात जास्त निसटतं ते मात्र शरीर. बद्धकोष्ठता, छातीत जळजळ, वाढलेले टॉन्सिल आणि घोरणं, रात्रीच्या फिट्स. पोटात दुखतंय हे ज्याला शब्दांत सांगता येत नाही, तो तीन वाजता उठून रडतो. लोहाचंही तसंच. भात आणि एकाच कंपनीची बिस्किटं एवढ्यावर राहणाऱ्या मुलाला लोह कुठून मिळणार? ते कमी पडलं, की पायांत अशी अस्वस्थता येते की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, आणि घरचे म्हणतात झोपेतही दंगा करतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून हा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारावं.

आधी शारीरिक कारणं शोधा, मग सवयी बदला, आणि तेवढ्यानं भागलं नाही तरच मेलाटोनिन, असा क्रम अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये सुचवला. दुकानातून परस्पर गोळी आणू नये. मात्रा आणि वेळ डॉक्टरांनीच ठरवायची.

सवयींत या मुलांचा एक गुण कामी येतो: रोज तेच, त्याच क्रमानं हवं असणं. दात घासणं, रात्रीचे कपडे, गोष्ट, दिवा बंद, अशी चार चित्रं भिंतीवर लावली, की पुढे काय हे विचारावं लागत नाही. दुपारची झोप मात्र कमी करावी लागते. एक ते चारच्या वामकुक्षीचा अभिमान बाळगणाऱ्या शहरात हे सांगणं म्हणजे धाडसच!

आणखी एक युक्ती ऐकायला उलटी वाटते. मूल रोज साडेअकराला झोपत असेल, तर नऊला अंथरुणात कोंबू नये. अडीच तासांच्या झटापटीत अंथरूण हेच भांडणाचं ठिकाण होतं. काही दिवस साडेअकरालाच निजवायचं, सकाळी उठायची वेळ मात्र पक्की ठेवायची. झोप पटकन लागू लागली, की सव्वाअकरा. चार दिवसांनी अकरा. एखाद्या रात्री गाडी घसरली, तर परत सव्वाअकरा.