चिनी अक्षरांचा रेघक्रम (बीश्वुन)

चिनी अक्षरातल्या रेघा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या दिशेने ओढायच्या, याच्या ठरलेल्या रीतीला चिनी भाषेत ‘बीश्वुन’ म्हणतात. चीन, तैवान आणि जपानमध्ये मुले ती पहिल्या इयत्तेपासून शिकतात. मोठेपणी चिनी शिकणारे मात्र पुष्कळदा तिला फाटा देतात; अक्षर छापल्यासारखे उमटले की झाले, असे त्यांना वाटते. हा समज पुढे फार महाग पडतो.

रेघांचे पाच वर्ग मानतात : आडवी (हंग), उभी (शू), डावीकडे उतरणारी तिरपी (फ्ये), टिंब (द्येन) आणि मोडलेली (झ). उजवीकडे उतरणारी ‘ना’ टिंबाच्या वर्गात धरतात. मोडलेल्या रेघेत हात न उचलता दिशा बदलते आणि नवशिक्या नेमका इथे अडतो. ‘तोंड’ या अर्थाचे ‘खौ’ हे अक्षर चौकोनासारखे दिसते, पण त्यात रेघा तीनच आहेत : आधी डावीकडची उभी, मग वरची आडवी तशीच खाली वळवून उजवी बाजू आणि शेवटी तळाची आडवी.

मुख्य नियम थोडेच आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी, उभी नंतर. ‘दहा’चे अक्षर अधिक चिन्हासारखे असते, ते असेच लिहितात. दोन तिरप्यांपैकी डावीकडे उतरणारी आधी. चौकटीचे अक्षर असेल तर तीन बाजू, मग आतला मजकूर आणि सर्वांत शेवटी तळाची रेघ. ‘देश’ या अर्थाचे ‘ग्वो’ असे पुरे होते. दोन्ही अंगे सारखी असली तर मधली रेघ आधी, जसे ‘लहान’ या अर्थाच्या ‘श्याव’मध्ये.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ‘के दिहुआ’ या नावाने ओळखले जातात. त्यातले ‘के’ हे अक्षर नऊ रेघांचे आहे. डावीकडे ‘लाकूड’ हे अंग : आडवी, उभी, डावी तिरपी आणि टिंब. एरवी शेवटची रेघ लांब तिरपी असते. उजव्या अंगाला जागा द्यायची म्हणून ती आखडून टिंब होते. मग उजवीकडे वरची आडवी, तिच्याखाली वर सांगितलेले तीन रेघांचे ‘तोंड’ आणि अखेरीस टोकाला आकडा (हुक) असलेली लांब उभी. एका अक्षरात जवळजवळ सगळे नियम येतात.

शाळेत मुले बोट हवेत फिरवून, रेघेचे नाव मोठ्याने घेत अक्षर लिहितात. या सरावाला ‘शूखुंग’ म्हणतात. नंतर लाल छापील अक्षरे गिरवणे आणि मग आडव्या, उभ्या व तिरप्या रेषांनी विभागलेल्या चौकटींच्या वहीत लेखन. सुलेखनाच्या परंपरेत ‘युंग’ (कायमचा) या एका अक्षरावर आठ मूळ फटकारे घोटवतात. थोर चिनी सुलेखनकार वांग शीझी याच्या इ.स. 353 मधल्या ‘लानथिंग प्रस्तावना’ या गाजलेल्या लेखाचे पहिले अक्षर हेच.

क्रमाचे खरे महत्त्व जलद लेखनात कळते. वेगाने लिहिताना लेखणी पुरती उचलली जात नाही आणि एका रेघेच्या शेवटापासून पुढचीच्या आरंभापर्यंत धागा उमटतो. वाचणारा या धाग्यांवरून अक्षर ओळखतो. क्रम चुकला तर धागे भलतीकडे जातात, आणि सुट्या रेघांत सुबक दिसणारे अक्षर वेगात वाचता येईनासे होते. दुसऱ्याची लपेटीदार चिठ्ठी वाचायलाही हाच क्रम हातात मुरलेला असावा लागतो. माझ्या मते तो पहिल्या दिवसापासून शिकवण्याचे सर्वांत सबळ कारण हे आहे.

चिनी नामावल्याही पुष्कळदा आडनावाच्या रेघांच्या संख्येने लावतात. संख्या सारखी असली तर पहिली रेघ कोणत्या वर्गातली, हे पाहतात. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या संचलनात प्रथेप्रमाणे ग्रीस पुढे होता. त्याच्यामागे गिनी आला, कारण त्याच्या चिनी नावाचे पहिले अक्षर दोनच रेघांचे. मोबाइलवरच्या रेघांच्या टंकनपद्धतीत तर पाच वर्गांच्या पाच कळा असतात आणि त्या क्रमानेच दाबाव्या लागतात. मात्र बहुतेक लोक आता उच्चारावरून, रोमन अक्षरांत टंकतात. त्यामुळे वाचता येणारे अक्षर लिहायला घेतले की आठवत नाही, ही तक्रार चीनमध्ये सर्रास ऐकू येते.

प्रमाण क्रम सगळीकडे एक नाही. चीनने 1997 मध्ये 7,000 अक्षरांसाठी तो ठरवला. 2020 मध्ये जाहीर झालेली 8,105 अक्षरांची नवी प्रमाणके 1 मार्च 2021 पासून लागू झाली. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची पुस्तिका वेगळी आहे. जपानच्या 1958 च्या मार्गदर्शिकेत 881 अक्षरे होती, आणि तिच्यात न दिलेला क्रम चूक समजू नये, असे तिने स्वतःच नमूद केले होते. पुण्यात जपानी शिकून मग चिनीकडे वळणाऱ्यांना हे फरक लगेच जाणवतात. ‘राजा’ या अक्षरात जपानी हात पहिल्या आडवीनंतर लगेच उभी ओढतो, चिनी हात दोन आडव्यांनंतर. ‘डावे’ आणि ‘उजवे’ या अक्षरांचा वरचा भाग दिसायला सारखाच. चीनमध्ये दोन्हींची सुरुवात आडवीने होते, जपानमध्ये ‘डावे’ची आडवीने आणि ‘उजवे’ची तिरपीने.