दुकान बेटावरचं आणि दुकान बेटाच्या मालकीचं

अमेरिकेच्या हवाई राज्याच्या राजधानीत, होनोलुलूत, फूडलँड आणि टाइम्स ही दोन्ही सुपरमार्केटं 'आपली, इथलीच' मानली जातात. फूडलँड मॉरिस सलिव्हन यांनी 1948 साली सुरू केलं, टाइम्स पुढच्याच वर्षी तेरुया बंधूंनी. दोन्हीकडे ताजं पोके (कच्च्या माशाच्या मसालेदार फोडींचा हवाईयन पदार्थ) मिळतं, दोन्हीकडचे कर्मचारी स्थानिक. पण फूडलँड आजही सलिव्हन कुटुंबाकडेच आहे. टाइम्स 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने घेतलं आणि 2017 मध्ये ते जपानच्या डॉन किहोते समूहाकडे गेलं. पाटी तीच राहिली, म्हणून हा बदल अनेकांच्या लक्षातही आला नाही.

स्थानिक नाव आणि स्थानिक मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो वाढण्याच्या पद्धतीत.

मोठ्या बेटावरची, म्हणजे राज्याचंच नाव असलेल्या हवाई बेटावरची, केटीए ही साखळी पाहा. 1916 साली कोइची आणि तानियो तानिगुची या दांपत्याने हिलोजवळ वायाकेआ इथे जेमतेम 500 चौरस फुटांचं वाणसामान आणि कापडाचं दुकान थाटलं. 1940 मध्ये हिलो गावात दुसरं दुकान निघालं. 1 एप्रिल 1946 च्या त्सुनामीत वायाकेआचं दुकान वाहून गेलं. गावातलं दुकान होतं म्हणून धंदा टिकला. 1959 मध्ये बेटाच्या पलीकडच्या अंगाला, कोना इथे शाखा आली, 1966 मध्ये हिलोतच पुआइनाको इथे. त्यानंतरही गती अशीच. शंभर वर्षं उलटून गेली तरी दुकानांची संख्या दहाच्या आत, आणि सगळी एकाच बेटावर. घरचं भांडवल वापरून वाढायचं तर आधीच्या दुकानाने पैसा जमवून दिल्याशिवाय पुढचं दुकान उघडत नाही. यात कमकुवतपणा नाही, हिशेब आहे: एकाच बेटावर राहिलं की शाखाशाखांत माल ट्रकने फिरतो, पुन्हा बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यावर, चढवावा लागत नाही.

टाइम्सची अलीकडची वाढ मुख्यतः खरेदीतून झाली. 2009 मध्ये तिने स्टार मार्केट्स घेतली. ते नाव हळूहळू पुसलं गेलं. 2011 मध्ये काउआई बेटावरची बिग सेव्ह घेतली, तिथे मात्र अनेक दुकानांवर जुनीच पाटी ठेवली. स्टार आणि बिग सेव्ह या दोन्ही साखळ्या मूळच्या स्थानिक कुटुंबांच्या. कौटुंबिक धंद्यात सहसा अडचण येते ती पुढची पिढी गल्ल्यावर बसायला तयार नसते तेव्हा, किंवा शीतगृहं, संगणकप्रणाली आणि दुकानाचं नूतनीकरण यांचा खर्च एकदम अंगावर येतो तेव्हा. अशा वेळी रोख पैसे घेऊन येणारा खरेदीदार बहुधा बाहेरचाच असतो.

ग्राहकाला या फरकाचा अनुभव येतो तो फळीवर. एखाद्या मध्यम साखळीला माल द्यायचा तर लहान शेतकऱ्याकडे बारकोड, छापील लेबल, उत्पादन-दायित्वाचा विमा (मालामुळे कुणाला अपाय झाला तर भरपाईसाठीचा) आणि बारमाही पुरवठा लागतो. आठवड्याला पंधरा-वीस खोकी लेट्यूस पिकवणारा माणूस इथेच अडतो. माल चांगला असूनही सगळ्या शाखांना पुरत नाही, म्हणून नाकारला जातो. 1990 च्या दशकात मोठ्या बेटावरचे उसाचे मळे एकामागून एक बंद पडले आणि माणसं रोजगाराला मुकली. त्याच काळात केटीएने 'माउंटन ॲपल' हा स्वतःचा ब्रँड उभा केला: उत्पादक बेटावरचे, प्रत्येकाचा माल वेगळा, लेबल मात्र एकच. ओळख निर्माण करण्याचं ओझं दुकानाने उचललं. असा निर्णय बाहेरून घेताच येत नाही असं नाही, पण ज्यांचे शेजारी बेकार झाले होते त्यांनी तो लवकर घेतला, याचं मोल मोठं आहे.

मालक इथला म्हणून बिल कमी येईल, ही अपेक्षा मात्र चुकीची. हवाईतलं बहुतांश अन्न बाहेरून येतं. 1920 च्या जोन्स कायद्यानुसार दोन अमेरिकी बंदरांमधला माल अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या आणि मुख्यतः अमेरिकी खलाशी असलेल्या जहाजातूनच न्यावा लागतो, त्यामुळे पश्चिम किनाऱ्याहून येणाऱ्या कंटेनरसाठी मॅटसन आणि पाशा या दोनच मोठ्या कंपन्या उरतात. होनोलुलूला उतरलेला माल इतर बेटांसाठी यंग ब्रदर्सच्या बार्जवर चढवला की आणखी भाडं आणि आणखी दिवस. शीत कंटेनर बंदरात दोन दिवस अडकला, तर दूध आणि पालेभाजी विकण्याची मुदत तेवढीच कमी होते, आणि तो तोटा किमतीत शिरतो. हे सगळ्यांनाच लागू आहे. उलट कॉस्टकोसारखी साखळी प्रचंड खरेदीच्या जोरावर स्थानिक दुकानापेक्षा स्वस्त देऊ शकते.

मालकी तपासायची असेल तर 'स्थापना अमुक साली' या ओळीवर जाऊ नका, ती फक्त जन्म सांगते. राज्याच्या व्यवसाय नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात आधी दुकानाचं व्यापारी नाव टाका, ते कोणत्या कंपनीच्या नावे आहे ते पाहा, मग त्या कंपनीचे पदाधिकारी. इथे हमखास चूक होते ती नोंदणीकृत प्रतिनिधीचा होनोलुलूतला पत्ता पाहून: असा प्रतिनिधी राज्यात ठेवणं प्रत्येक कंपनीला बंधनकारक आहे, तेव्हा त्यावरून मालकाचं गाव कळत नाही. कंपनीच्या वर आणखी कंपनी असेल तर मूळ समूहाचा वार्षिक अहवाल पाहावा. डॉन किहोतेचा मूळ समूह टोकियो शेअर बाजारात नोंदलेला आहे, त्यामुळे त्याचे अहवाल सहज मिळतात.

उलटी फसगतही होते. वाइकिकीत पावलापावलावर दिसणारी, पर्यटकांना टोप्या आणि मॅकाडामियाचा सुकामेवा विकणारी एबीसी स्टोअर्स बाहेरची वाटतात. ती सिडनी कोसासा यांनी होनोलुलूतच सुरू केली, आणि मालकी आजही त्यांच्या कुटुंबाकडे आहे.